दर पन्नास मिलिमीटरला एक खिळा

स्वतःच्या बागेतल्या शेडच्या छपरावरचं डांबरी फेल्ट, पाऊस अडवणारं ते जाड कापड, अतुलने अर्ध्या तासात ठोकून मोकळं केलं होतं. आणि शेजारच्या आसावरीच्या शेडसाठी हाच माणूस शनिवारी सकाळपासून फूटपट्टी घेऊन शिडीवर! इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या जानेवारीत नाक लालभडक, हातात कंपनीचं माहितीपत्रक.

"कडेला दर पन्नास मिलिमीटरला एक खिळा," तो मोठ्याने वाचत होता.

"वॉव, किती परफेक्ट रे!" चहाचा मग धरून आसावरी खालून म्हणाली. तिचा नवरा पुष्कर प्रोजेक्टवर एडिनबराला होता.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघताना मंजिरीच्या अंगाचा तिळपापड होत होता. दहा वर्षांच्या संसारात आपल्यासाठी नवऱ्याने कधी फूटपट्टी काढली? हॉलमधला पडद्याचा रॉड अजून तिरका आहे. त्याचं कुठलं माहितीपत्रक वाचलं होतं मेल्याने!

बुधवारी आसावरी पुष्करकडे गेली. मांजराला खायला घालायचं म्हणून घराची किल्ली मंजिरीकडे. जाताना दारात पुन्हा तेच, "अतुलसारखं कुणी नाही गं!"

मांजराचं उरकून मंजिरी शेडमागे गेली आणि हातोडीने कोपऱ्यातले खिळे एकेक करून उपटले. सात. तिला शेड मोडायची नव्हती. एक कोपरा फडफडावा आणि आसावरीचं ते कौतुक एकदाचं बंद पडावं, एवढंच.

गुरुवारी वादळ आलं. दोन हजार सातच्या त्या वादळाची आठवण लोक अजूनही काढतात. वाऱ्याने तो सुटा कोपरा धरला आणि अख्खं फेल्ट उचकटून कुंपणावर नेऊन टाकलं. आतली खोकी भिजली.

शुक्रवारी अतुलने फेल्ट उलगडून कडा तपासल्या. सगळीकडे खिळ्यांनी ओरबाडून चिंध्या केल्या होत्या. एका कोपऱ्यात मात्र सात भोकं गोल, स्वच्छ. तो बराच वेळ बोट फिरवत राहिला. मग त्याने मान वर करून कुंपणापलीकडे मंजिरीकडे पाहिलं. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला.

"हो आसावरी, उडालं गं. नाही नाही, वाऱ्याचं काय घेऊन बसलीस? चूक माझीच. शेवटच्या कोपऱ्याला कंटाळा केला मी. पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं."

ज्या एका कामात त्याने आयुष्यात पहिल्यांदा कंटाळा केला नव्हता, त्याचंच मातेरं त्याने स्वतःच्या तोंडाने केलं. मंजिरीला वाटलं, त्यापेक्षा त्याने चारचौघांत ओरडायला हवं होतं.

फोन ठेवून तो कुंपणाशी आला. आवाज चढला नव्हता.

"नवीन फेल्ट आणतो. खिळे सात कमी पडतील."

मंजिरीने कार्डिगनच्या खिशात हात घातला. सातही होते. ते त्याच्या तळहातावर ठेवताना तिला वर बघवेना.

"शिडी धरशील?" त्याने विचारलं.