बाग बघायला गेलेल्या दोघी

बागेची कल्पना धाकटीची. तिच्या कल्पना चांगल्याच असतात, फक्त त्या नेहमी फोनवरून येतात.

"आईला चार भिंतींबाहेर काढ गं जरा," ती बहिणीला म्हणाली. "त्या मोठ्या वनस्पती उद्यानात जाऊ. चांगला दिवसभर. मी येते रविवारी मुलांना घेऊन. खुर्ची मी ढकलीन, तू नुसती मिरव."

थोरलीने बरं म्हटलं. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो, आणि तो तिच्यात उरला नव्हता. ती दातांच्या कवळ्या बनवायच्या कामावर होती. दिवसभर मेण तापवायचं, त्यात एकेक दात बसवायचा, मग घासून गुळगुळीत करायचं. गुलाबी भुकटी केसांत, भुवयांत जाऊन बसायची. घरी आलं की आईचं सुरू. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई चाकाच्या खुर्चीत होती. तिला उठवणं, न्हाऊ घालणं, रात्री कूस बदलून देणं. "दिवसा लोकांचे दात, रात्री आईच्या हाका," असं थोरली कामावर हसत सांगायची. अलीकडे नुसतंच सांगायची.

ठरलं म्हणजे बोलणं धाकटीचं आणि करणं थोरलीचं. जेवणाच्या सुट्टीत तिने उद्यानाच्या कचेरीत फोन लावला.

"चाकाची खुर्ची आत जाते का हो?"

"जाते की. मोठ्या रस्त्याने कुठंही न्या. आतल्या वाटांवर मात्र खडी आहे."

"आणि बाथरूम?"

"एक फाटकापाशी, एक काचघराजवळ."

"म्हणजे लांब आहेत का एकमेकांपासून?"

पलीकडचा माणूस म्हणाला, "बाई, बाग फार मोठी आहे. एका दिवसात कुणाचीच बघून होत नाही. तुम्ही आपलं काचघरापर्यंत जा आणि निवांत बसा."

इतका शहाणपणाचा सल्ला तिला बऱ्याच दिवसांत कुणी दिला नव्हता.

मग जिन्याचा प्रश्न. इमारतीला लिफ्ट नव्हती. समोरच्या घरातला प्लंबर म्हणाला, "पाण्याच्या टाक्या पाठीवरून चढवतो मी. काकूंचं काय घेऊन बसलात?"

"टाकी रिकामी असते," आई आतून ओरडली. "मी भरलेली आहे!"

त्यानंतर खुर्ची मावेल अशा डिकीची टॅक्सी शोधणं. मग औषधं, जादा कपडे, उशी, चादर. थोरली कवळी घासता घासता पिशवीत काय राहिलं ते आठवत बसायची. एकदा वरचे दात खाली लावले आणि मालकाची बोलणी खाल्ली.

शनिवारी संध्याकाळी धाकटीचा फोन आला. तिच्या धाकट्या मुलाला ताप होता. "पुढच्या रविवारी नक्की हं, ताई. शप्पथ."

"त्याला जप," थोरली म्हणाली आणि फोन ठेवला. तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली.

आईला सांगायला ती आत गेली. आई खुर्चीत ताठ बसली होती आणि तिच्या पायांत बूट होते. पडल्यापासून तिने बूट घातले नव्हते.

"प्लंबरच्या बायकोकडून घालून घेतले," आई म्हणाली. "पाय सुजलेत, पण जातात."

"धाकटीला जमत नाहीये उद्या."

आईचा चेहरा पडला नाही. तिने तो पडू दिला नाही. "मग राहू दे. तू एकटी किती ओढशील?" असं म्हणून ती नाड्या सोडायला वाकली. हात गुडघ्यापर्यंतच पोचले.

थोरली खाली बसली. एक नाडी सोडली, मग दुसरी. बूट काढून पलंगाशेजारी नीट लावले.

"सकाळी लवकर उठवीन," ती म्हणाली. "जाऊ आपण दोघीच."

फाटकातून आत गेल्यावर तिला कळलं, की रस्ता चढाचा आहे. फोनवर हे कुणी सांगत नाही. ती दातओठ खात ढकलत राहिली. आई प्रत्येक झाडावरची पाटी मोठ्याने वाचत होती, आणि थोरली "हं" म्हणत होती. काचघर दिसायला लागलं तसा तिचा जोर संपला. मोठ्या झाडाखालच्या बाकापाशी तिने खुर्चीला ब्रेक लावला. "जरा टेकते. मग आत जाऊ."

जाग आली तेव्हा ऊन झाडाच्या दुसऱ्या अंगाला गेलं होतं. डोक्याखाली उशी, अंगावर चादर. शेजारी आई, मांडीवर पिशवी घेऊन.

थोरली धडपडत उठली. "तुझी गोळी! तुझं बाथरूम!"

"ओरडू नकोस. गोळी घेतली. एक माळीणबाई मला नेऊन आणून गेली. तोवर तुझ्यापाशी वॉचमन उभा केला होता. तो तुला बाकावरून उठवायलाच आला होता. म्हटलं, हात तर लावून बघ!"

"अगं, पण तुझा दिवस वाया गेला."

"कुणी सांगितलं? एक खार तुझ्या पायावरून गेली. तोफ डागली असती तरी तुला कळलं नसतं." आईने मांडीवरची पिशवी सारखी केली. मग समोर बघत म्हणाली, "रात्रीच्या माझ्या हाका असतात ना, त्यातल्या निम्म्या उगाच असतात. जाग आली की घर फार मोठं वाटतं."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे आणि तरी उठतेस?"

"उठेपर्यंत कुठली निम्मी, ते कळत नाही."

आईला हसू आलं, पण तिचे डोळे भरले होते. "कमी करीन."

"एकदम बंद नको करूस. मग मी भीतीनेच उठून बसेन."

काचघराला कुलूप लागत होतं. त्यांनी बाहेरूनच काचेला नाक लावलं. आत सगळं हिरवं आणि धूसर दिसलं. मग उतारावरून खुर्ची मागे ओढून धरत थोरलीने आईला फाटकाकडे नेलं. उतरताना हात चढापेक्षा जास्त भरून आले.

घरी धाकटीचा फोन. "काय काय पाहिलं गं?"

"मी काहीच नाही. झोपले होते."

"ऑं? बरं, पुढच्या रविवारी आपण परत—"

"बागेत नाही," थोरली म्हणाली. "पुढच्या रविवारी तू इथे ये. सकाळपासून आईजवळ राहा. तिचं सगळं कर. मी दार लावून झोपणार आहे."

 बहिणीने आजवर काही मागितलं नव्हतं, त्यामुळे अशा वेळी काय म्हणायचं ते धाकटीला माहीत नव्हतं. शेवटी म्हणाली, "येते."

आणि आली. उशिरा आली, मुलांचा धिंगाणा सोबत घेऊन आली. पण आली. दोनतीन वेळा दारावर टकटक झाली: टॉवेल कुठेय, ही गोळी आधी की ती? थोरलीने उशीतूनच उत्तरं दिली आणि प्रत्येक वेळी परत कूस बदलली.