बारा जणांना कोंडणारी किल्ली

मित्रांनो, किल्ली म्हटलं की तुम्हाला तिजोरी आठवते. मी मात्र जन्मभर माणसं कोंडली, आणि तीही चांगली! मी इंग्लंडमधल्या एका लहान गावच्या कोर्टातली, ज्यूरीच्या खोलीची जुनी किल्ली.

लोहाराने मला घडवलं आणि मी कोर्टाच्या शिपायाच्या कमरेला लटकले. रीत साधी होती. साक्षीपुरावे संपले की ज्यूरीच्या बारा गावकऱ्यांना आत घालायचं, मला फिरवायचं, आणि निकालावर एकमत होईपर्यंत त्यांना अन्न, पाणी, शेकोटी काही द्यायचं नाही. पोटात कावळे ओरडू लागले की भल्याभल्यांचं एकमत होई. शिपाई माझी पाठ थोपटायचा आणि मी फुगायचे. वाटायचं, न्याय काय तो माझ्यामुळेच होतो.

मग एका जानेवारीत हेस्टर पिलबीमचा खटला आला. जमीनदाराने गावच्या गायरानाला कुंपण घातलं होतं. या विधवेचे हंस उपाशी मरू लागले, तेव्हा तिने भरदिवसा कुऱ्हाडीने कुंपण तोडलं आणि कोर्टात तसं कबूलही केलं. शिक्षा होती सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. घरी तीन लेकरं.

"तिने गुन्हा कबूल केला आहे. दोषी म्हणा आणि जेवायला जा," न्यायाधीशांनी बजावलं.

खोलीत अकरा जण म्हणाले, गायरान गावाचं, कुंपणच अन्यायाचं, म्हणून ती 'निर्दोष'. बारावा सायलस रॅग, गावचा पाववाला, अडून बसला.

"कायदा तो कायदा. तोडलंय ना तिने?"

"जमीनदाराकडे पाव तूच देतोस ना रे?" पिंपं बनवणारा जॉब थॅकरे म्हणाला.

"तोंड सांभाळ, जॉब!"

"बरं बाबा, राहिलं. पण शपथ काय घेतलीस? खरा निवाडा देईन, अशीच ना? का साहेबांना आवडेल तो देईन, अशी?"

सायलसने डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाला, "माझी आई त्याच गायरानात हंस राखायची रे."

बाराही जण बाहेर आले. "निर्दोष!" न्यायाधीश लालबुंद झाले. "परत आत!" मी फिरले. दुसऱ्या दिवशी तेच झालं आणि मी पुन्हा फिरले. तेव्हा मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी एकेकाला नावाने विचारलं. अकरा वेळा 'निर्दोष' ऐकून शेवटी ते सायलसकडे वळले. "रॅग, तू तरी शहाणा आहेस."

सायलस एक पाऊल पुढे आला. "साहेब, गावात पाव भाजणारा मी एकटा. भट्टी दोन दिवस थंड आहे, म्हणजे तुम्हालाही पाव मिळाला नसेल. आणखी दोन दिवस कोंडा. निर्दोष!"

सारं कोर्ट खो खो हसलं. न्यायाधीशांना निकाल लिहून घ्यावाच लागला. हेस्टरने तिथेच लेकरांना पोटाशी धरलं आणि शिपायानेसुद्धा टोपी हवेत उडवली.

आता ज्यूरीला कुणी उपाशी ठेवत नाही आणि मी अडगळीत गंजते आहे. मित्रांनो, मला तेल लावलं नाहीत तरी चालेल. पण दुसऱ्याचं आयुष्य तुमच्या एका शब्दावर येईल, तेव्हा तो शब्द स्वतःच्या मनाला विचारूनच उच्चारा. मी दार बंद करू शकत होते, त्या बारा जणांचं तोंड नाही. मी आयुष्यात एकदाच हरले, आणि त्याचाच मला अभिमान आहे.