अकरा फोटो, एक कोट

मित्रांनो, मुहेझा गावाच्या बसथांब्यासमोर म्बेलवाचे फोटोचे दुकान आहे. तिथे खिळ्याला जो निळा कोट लटकतो, तो मी. समोरून पाहाल तर साहेब म्हणाल, पाठीमागून पाहाल तर हसाल. जाडजूड माणसालाही चढावा म्हणून म्बेलवाच्या वडिलांनी माझी पाठ मधोमध उसवून ठेवली. खालची दोन बटणे केव्हाच गेली. ती कुणी लावली नाहीत, कारण सरकारी फोटोत छातीखालचे काही येत नाही.

मला एका शिक्षकाच्या लग्नासाठी शिवले होते. लग्न झाले, शिक्षकाचे पोट सुटले आणि मी या दुकानात आलो. इथे माझा मोठा मान होता. कचेरीत द्यायचा फोटो कोट घालूनच काढायचा, अशी इथली रीत. चिखलाच्या पायांनी आलेला माणूसही मला अंगात घालताच ताठ बसे. घायपाताच्या चिकाचा आणि तळलेल्या कसाव्याच्या कंदाचा वास अजून माझ्या अस्तरात आहे.

कसाव्याचा वास असुन्ताचा. तिचा बाप घायपात कापायला रुवुमा नदीपलीकडून, मोझांबिकहून आला. ती जन्मली इथल्या मळ्यातच; नदीचा तो काठ तिने कधी पाहिला नाही. तरी कागदावर ती परकी. पुढे मळा बंद पडला. जमिनीचे तुकडे तिथे राहणाऱ्यांच्या नावे करायचे ठरले, पण नाव लागणार फक्त नागरिकाचे, निदान नागरिकत्वाचा अर्ज कचेरीत जमा असलेल्याचे. असुन्ताच्या खोपटामागे तिची आई पुरलेली आहे. ती जागा जाऊ नये, एवढेच तिला हवे होते.

तिने मला पहिल्यांदा घातले तेव्हा तिचे केस काळे होते आणि अर्जाची फी दोन शेळ्यांएवढी होती. शेळ्या वाढवून विकेपर्यंत फी चार शेळ्यांवर गेली. फोटो सहा महिन्यांनी चालत नाही, म्हणून ती पुन्हा आली. तोवर केसांत पांढरे दिसू लागले होते आणि फी गाईवर पोचली होती.

म्बेलवा म्हणे, "आत्या, तुझ्या शेळ्या चालतात, फी पळते."

"आणि दोघींच्या मागून तू पैसे गोळा करतोस, लेका!"

मग बातमी आली, की पहिल्या तारखेपासून फी पुन्हा वाढणार. असुन्तासकट मळ्यावरच्या अकरा जणांनी कुणी सायकल विकली, कुणी छपराचे पत्रे. अकराही जण एकाच सकाळी दुकानात आले. मी एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जात होतो. माझ्या कॉलरवर चहाचा डाग होता. म्बेलवाने ओल्या फडक्याने पुसला, पण तो गेला नाही. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला, मित्रांनो.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ते सगळे बसने शहरातल्या कचेरीत गेले. संध्याकाळी असुन्ता दुकानात आली. अर्जाचे पाकीट तसेच हातात होते.

"काय गं आत्या, घेतले नाहीत कागद?"

"साहेबानं अकरा फोटो पत्त्यांसारखे मांडले. म्हणतो, माणसं अकरा, कोट एक, डागसुद्धा एकच! कुठल्या दलालाचा कारखाना आहे हा?"

"दुकानाचा कोट आहे म्हणून सांगायचंस ना!"

"सांगितलं. तर म्हणे, आपापल्या कपड्यांत फोटो काढून आणा. मी म्हटलं, साहेब, उद्यापासून फी वाढतेय. तर म्हणे, तारीख मी ठरवत नाही."

म्बेलवाने माझ्याकडे पाहिले. मला खिळ्यावरून गळून पडावेसे वाटले.

नवी फी इतकी, की अकरा जणांचे पैसे एकत्र केले तर चौघांचेच अर्ज होत होते. दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी विचार केला. कुणी म्हणाले, "असुन्ता थोरली, तिचं आधी."

"थोरली आहे म्हणूनच सांगते," ती म्हणाली. "माझ्यामागं त्या खोपटात राहायला आहे कोण? लेकुरवाळ्यांची घरं आधी वाचवा."

चौघांनी विटक्या सदऱ्यांत आणि लुगड्यांत फोटो काढले. सगळे गेल्यावर असुन्ता स्टुलावर बसली.

"माझाही काढ."

"आत्या, अर्ज पुढच्या वर्षी करणार ना? तोवर फोटो शिळा होईल."

"मग मी शिळी व्हायच्या आत काढ."

म्बेलवाने फोटो काढला आणि पैसे घेतले नाहीत. तिचे केस आता पूर्ण पांढरे होते. मळ्याच्या मोजणीची माणसे पुढच्या आठवड्यात आली. यादीत तिच्या खोपटापुढे त्यांनी नाव लिहिले नाही, नुसती रेघ ओढली.

आता मला कुणी घालत नाही. डाग माझा होता, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

मित्रांनो, माझी पाठ शिवू नका, डाग धुऊ नका. मला आता कुठे जायचे नाही. पण तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले काही टेबलापलीकडे बसाल. समोर एखादी बाई कागद घेऊन उभी राहिली, तर आधी तिच्या तोंडाकडे पाहा, कोटाकडे नंतर. आणि तिला 'उद्या या' म्हणू नका. काही माणसांना उद्याचा दिवस परवडत नाही.