अर्धी राहिलेली घंटी

मित्रांनो, कपाटाच्या तळकप्प्यात बोथट कात्र्यांशेजारी जो जुना काळा टेलिफोन पडला आहे, तो मी. माझी तार केव्हाच काढून टाकली आहे. तरी अधूनमधून बाहेर एखादी बाई शिवता शिवता हात थांबवते आणि विचारते, "वाजला का गं?"

मी वाजलेला नसतो.

मला घडवलं तेव्हा माझ्या पोटात दोन पितळी वाट्या बसवल्या आणि मधे एक इवलीशी हातोडी. कारागिराने कान देऊन ऐकलं नि म्हणाला, "खणखणीत आहे हो!" त्या एका शब्दावर मी किती वर्षं फुशारून राहिलो!

मला आणलं ते शाळेचे गणवेश शिवणाऱ्या या कारखान्यात. कोण जाणे, तुमच्याही शर्टाची काजं इथलीच असतील. पत्र्याच्या छपराखाली यंत्रांचा एवढा खडखडाट, की शेजारणीचं बोलणं ऐकू येत नसे. म्हणून इथे एक रीत पडली. मी वाजलो की सगळ्यांनी यंत्रं थांबवायची. मुकादमबाई मला उचलायच्या, जिचा फोन तिला हाक मारायच्या. कुणाला नात झाली, कुणाचा मुलगा पास झाला, ते सगळ्यांना एकदमच कळायचं. मुकादमबाई रोज सकाळी मऊ चिंधीने मला पुसायच्या. देवाने मला आणखी काय द्यायला हवं होतं?

मग तो आवाज आला.

काजं करणाऱ्या ताईला सगळ्या काजवाली म्हणत. तिचा भाऊ कर्ज काढून परागंदा झाला होता, आणि जामीन म्हणून सही हिची होती. वसुलीवाल्यांच्या त्रासाने तिने आपला मोबाइल बंद केला, तेव्हा त्यांनी मला शोधून काढलं.

"लोकांचे पैसे बुडवते आणि इथे मजेत शिवत बसते होय?"

यंत्रं थांबलेली. त्या शांततेत तो आवाज शेवटच्या ओळीपर्यंत पोचायचा. काजवालीचा तळवा माझ्यावर घामाने निसटायचा. "देते हो दादा. इथे नका ना फोन करू, हात जोडते." तो रोज करायचा. शेवटी मालक केबिनमधून म्हणाले, "आणखी एकदा हा तमाशा ऐकू आला, तर उद्यापासून घरी बस." काजवालीच्या आजारी आईचं औषधपाणी त्याच पगारावर होतं.

कॉलर शिवणारी कॉलरवाली तोंडाची फटकळ, पण मायेची. ती म्हणाली, "यापुढे हा मेला कितीही कोकलू दे, यंत्रं थांबवायची नाहीत. मालकांना ऐकूच येणार नाही!" मेला मला म्हणाली की त्याला, देव जाणे. मुकादमबाईंनी न ऐकल्यासारखं केलं. मी वाजलो, आणि सगळ्यांनी यंत्रं दामटली. बऱ्याच दिवसांनी काजवाली हसली.

एका दुपारी मी वाजलो, थांबलो, पुन्हा वाजलो. कॉलरवाली ओरडली, "आज अंगात आलंय वाटतं त्याच्या!" हशा पिकला. काजवालीनेही यंत्रावर पाय जोरात दाबला. तिसऱ्यांदा वाजता वाजता माझी घंटी अर्ध्यातच थांबली.

मित्रांनो, मला आवाज एकच दिला आहे. वसुलीवाल्यालाही तोच, आईलाही तोच.

संध्याकाळी काजवालीची शेजारीण धापा टाकत आली. "अगं, तुझी आई कधीची फोन लावत होती! हात बधिर झाला म्हणत होती. मी रिक्षा बघून परत आले, तर फोन हातातच होता, पण जीभ वळेना."

आई वाचली. बोलणं मात्र परत आलं नाही. "काय सांगायचं होतं गं तुला?" असं काजवाली रोज विचारते म्हणे, आणि आई नुसती बघत राहते.

काजवाली कामावर परतली त्या दिवशी मी वाजलो. कुणी न सांगता सगळी यंत्रं थांबली. ती धावली. मला कानाशी लावून म्हणाली, "आई?"

तो होता.

ती हळूच म्हणाली, "दादा, सही माझी आहे, नाकारत नाही. जमेल तसं फेडीन. घरी पत्र पाठवा. पण या फोनवर माझी आई फोन करते, ही वाट अडवू नका."

तो पुन्हा बोलू लागला, तेव्हा मुकादमबाईंनी मला तिच्या हातातून घेतलं. "यंत्रं बंद आहेत, भाऊ. तुमचा शब्दन्‌शब्द सगळ्या जणी ऐकताहेत. आधी तुमचं नाव सांगा."

मालक दारात येऊन उभे होते. पलीकडून फोन खाली आपटल्याचा आवाज आला. मालकांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि ते आत गेले. काजवालीची नोकरी टिकली. तो आवाज पुन्हा आला नाही.

पुढे नवा फोन आला, मी कपाटात गेलो. मित्रांनो, कुणाच्या कामाच्या जागी फोन कराल, तर चार माणसांत त्याची मान खाली जाईल असं बोलू नका. आणि फोन वाजला, तर उचला. कंटाळा आला, भीती वाटली, तरी उचला.

कधी हे कपाट उघडलंत, तर मलाही एकदा कानाला लावा. तार नाही, ठाऊक आहे. पण ती तिसरी घंटी माझ्या पोटात अजून अर्धीच आहे. नुसतं म्हणा, "बोल आई, मी ऐकतेय."