एक हात कमी

आमच्या मंडळीचे जुने पाळकसाहेब निवृत्त झाले, त्या रविवारी त्यांचं निरोपाचं प्रवचन इतकं लांबलं, की सकाळी गुळगुळीत दाढी करून चर्चमध्ये शिरलेले पुरुष बाहेर पडताना स्वतःच्या बायकांना ओळखू येईनात. मी तिथे होतो, म्हणून सांगतो. शेवटचं आमेन झालं, साहेब मुलाकडे राहायला निघून गेले आणि आम्ही हुश्श करून घरी जाऊन आडवे झालो. आडव्या झाल्या नाहीत त्या फक्त वहिनी, कारण चर्चला कुलूप लावायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

वहिनी म्हणजे शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या आमच्या दादांची बायको. सगळी मंडळी त्यांना वहिनीच म्हणते, त्यांच्या वडिलांच्या वयाचे मास्तरसुद्धा. पहिल्या रविवारी त्यांनी कुलूप लावलं. दुसऱ्या रविवारी प्रवचनाला कोणी उठेना, सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले, तेव्हा त्या उभ्या राहिल्या. मग छप्पर गळायला लागलं आणि कुठल्या बाकाखाली कुठली बादली ठेवायची हे त्यांनाच कळलं. मग आजाऱ्यांच्या उशाशी बसणं, गेलेल्यांना पोचवणं, नवरा-बायकोची भांडणं सोडवणं, ऑर्गनच्या फाटक्या भात्याला चिकटपट्टी लावणं, सगळं एकामागून एक त्यांच्या पदरात येऊन पडलं. नवे पाळक येईपर्यंत, एवढ्याच बोलीवर त्यांनी ते पत्करलं होतं. बघता बघता वर्ष उलटलं.

नवे पाळक येत नव्हते असं नाही. येत होते आणि परत जात होते. याचं कारण आमचा नियम. फार पूर्वी म्हणे मंडळीत उभी फूट पडली होती. डावीकडच्या बाकांना एक पाळक हवा, उजवीकडच्यांना दुसरा. शेवटी दोघेही आले. वर्षभर दोघांनी एकाच वेळी दोन प्रवचनं केली, दोन बाजूंनी एकाच वेळी दोन गाणी म्हटली, आणि त्या कालव्याने वरच्या घंटेला तडा गेला. तडा आजही दाखवतात. तेव्हापासून पाळक नेमायचा तर एकमतानेच. एक हात जरी खाली राहिला, तरी उमेदवाराला चहा पाजून गाडीत बसवून द्यायचं.

पहिले आले ते एवढ्या खणखणीत आवाजाचे, की छताची धूळ आमच्या डोक्यांवर उतरली आणि आम्ही सगळे एकदम पांढऱ्या केसांचे दिसायला लागलो. सगळे हात वर गेले. चष्मेवाल्याचा गेला नाही. "डोळ्यांत बघून बोलत नाहीत," तो म्हणाला. दुसरे भले गृहस्थ होते, पण बेकरीवाल्याचा हात मांडीवरच. का, तर त्यांनी चहाबरोबरचा पाव अर्धा टाकला. तिसऱ्यांना न्हाव्याने पाडलं. त्यांचा भांग त्याला पटला नाही.

"अरे, पाळक निवडतोय की नवरा मुलगा?" वहिनी कडाडल्या.

"नियम आहे, वहिनी," मास्तर म्हणाले. मतदान मास्तर घ्यायचे. आयुष्यभर पोरांना हात वर करायला लावणारा माणूस, त्यात त्यांना भारी गोडी.

इकडे वहिनींचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. त्यांची एकुलती एक मुलगी दूरच्या शहरात. पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं. आता पुन्हा दिवस राहिले होते, सातवा सरत आला होता आणि डॉक्टरांनी पलंगावरून उतरायचं नाही म्हणून बजावलं होतं. ती रोज फोन करायची.

"आई, हे चांगले आहेत गं, पण यांना नुसतं घाबरता येतं. तू येणार की नाही, तेवढं सांग."

"येते ना. हा पाळक ठरला की निघालेच."

"हे तू तीन पाळकांपासून सांगतेयस."

फोन ठेवून वहिनी तरातरा बादल्या रिकाम्या करायला गेल्या. मंडळी वाऱ्यावर टाकून जाणं त्यांना जमेना, आणि मुलीला टाकून राहणं तर त्याहून जमेना. अशा वेळी माणूस ज्याच्यावर ओरडता येईल त्याच्यावर ओरडतो. त्या आठवड्यात त्या ऑर्गनवर ओरडल्या, मेणबत्त्यांवर ओरडल्या, आणि एका रविवारी तर बायबलात तीन दिवस माशाच्या पोटात राहिलेल्या योना संदेष्ट्यावर इतक्या ओरडल्या, की त्या माशाने त्याला तीन दिवसांच्या आतच बाहेर टाकलं असतं. मंडळी खूश! असं जिवंत प्रवचन कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

चौथे उमेदवार यायचे त्याच्या आदल्या संध्याकाळी वहिनी पाव सांगायला बेकरीत गेल्या.

"उद्या चहाला नेहमीएवढेच पाठव. आणि हे बघ, उद्या तुझा हात वर दिसला पाहिजे. अर्धा पाव टाकला, सबंध टाकला, नाहीतर खिशात घालून नेला, तरी वर."

"वरच असणार, वहिनी," बेकरीवाला भट्टीत फळी सरकवत म्हणाला. "माझा नंबर होऊन गेला. उद्या माझा थोडाच..."

आणि फळीसकट तो तिथेच गोठला. खोटं वाटेल, पण भट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या त्या माणसाला हुडहुडी भरली.

"कसला नंबर?"

"कसला नाही. पावाचा नंबर."

"पावाला नंबर असतो?"

"असतो ना. म्हणजे, मोठा, लहान..."

"मी आता इथेच बसणार," असं म्हणून वहिनी गल्ल्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. भट्टीतले पाव आधी तांबूस झाले, मग तपकिरी, मग त्यांचा रंग सांगण्यापलीकडे गेला. शेवटी बेकरीवाल्याने हात टेकले.

पहिल्या वेळी, तो म्हणाला, चष्मेवाल्याला खरंच पटलं नव्हतं. पण घरी जाताना जो तो म्हणत होता, बरं झालं. मग कुणीतरी म्हणालं, पुढच्या वेळी तू कर. एकच माणूस सारखा आडवा आला तर डोळ्यांवर येईल, म्हणून आळीपाळीने करायचं ठरलं.

"सगळ्यांनी मिळून?" वहिनींनी विचारलं.

"एकमताने," बेकरीवाला खाली मान घालून म्हणाला.

"अरे पण का?"

"का म्हणजे? माझी आई अंथरुणाला खिळलीय. जुने साहेब कधी दुकानाच्या फळीच्या आत आले नाहीत, काळ्या कोटाला पीठ लागेल म्हणून. तुम्ही आत येता, तिचे पाय चेपता, तिच्याशी पत्ते खेळता, वर हरता. आता कुठला तरी परका येणार, तो हरेल का? सगळं नीट चाललंय की, वहिनी!"

"नीट चाललंय, कारण मी चालवतेय! मी काय चर्चबरोबर बांधून घेतलेला खांब आहे? माझी मुलगी तिकडे पलंगावर पडलीय, ते दिसत नाही कुणाला?"

"दिसतं. पण तुम्ही कधी म्हणाला नाहीत, जाते म्हणून. आम्हाला वाटलं, भागतंय."

वहिनी उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "उद्या कुणाचा नंबर?"

बेकरीवाल्याने भट्टीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, जळक्या पावांकडे पाहिलं.

"दादांचा," तो म्हणाला.

घरी दादा मशीनचं पोट उघडून बसले होते. तोंडात स्क्रू, हातात तेलाची कुपी. वहिनींनी पिशवी आपटली.

"उजवा हात कसा आहे?"

"उं?"

"उजवा. उद्या वर न जाणारा."

दादांनी तोंडातले स्क्रू एकेक करून बाहेर काढले. वेळ काढायची ती त्यांची रीतच.

"बेकरीवाला ना? त्याच्या पोटात काही राहत नाही."

"त्याचं सोडा. तुमच्या पोटात बरं राहिलं! रोज पोरीचा फोन येतो, तुम्ही ऐकता, नातवंड काय माझ्या एकटीचं आहे?"

"मला वाटलं," दादा कुपीकडे बघत म्हणाले, "तुला आवडतंय."

"काय?"

"ते तिथे उभं राहणं. इतकी वर्षं तू तिसऱ्या बाकावर बसलीस. माझी बायको म्हणून. आता तू बोलतेस आणि लोक ऐकतात. घरी येतेस तेव्हा जिना चढताना गुणगुणतेस. पाळक आला की पुन्हा तिसरा बाक. म्हणून म्हटलं, एकदा माझाही हात राहू दे खाली."

हे वहिनींना अपेक्षित नव्हतं, आणि वाईट म्हणजे ते खरं होतं. पण खरं ऐकून राग उतरतो असं कुणी सांगितलं?

"आवडतं की नाही, हे मला विचारायला तोंड नव्हतं? स्क्रू भरले होते? आवडतं मला! फार आवडतं! पण मुलगी एकच आहे."

"मी त्यांना शब्द दिलाय गं."

"मलाही दिला होतात एक. त्याच चर्चमध्ये, साक्षीदारांसमोर." आणि त्या स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागल्या. ती आधीच घासलेली होती.

रविवारी चौथे उमेदवार आले. गोल चेहऱ्याचे, बुटके, आणि बिचाऱ्यांना उचकी लागलेली. साधी उचकी नव्हे. पहिल्या स्तोत्राला लागली ती प्रवचनभर टिकली. प्रत्येक उचकीला पुढच्या बाकावरची गायनाची पुस्तकं बोटभर उडायची. "देव, उक्, प्रीती आहे," ते म्हणाले, आणि मागच्या बाकावर आईच्या मांडीवरचं एक मूल खदखदून हसलं. मंडळी निश्चिंत होती. या वेळी तर सबबसुद्धा शोधायची गरज नव्हती. दादांनी नुसतं ‘उचकी’ म्हटलं की संपलं.

उमेदवाराला मागच्या खोलीत बसवलं आणि मास्तर पुढे आले. "नेमणुकीच्या बाजूने कोण?"

सगळ्यांनी झटकन हात वर केले. न्हाव्याने तर दोन्ही. पाडणारा पाडणार आहे हे माहीत असलं की उदार व्हायला काय जातं! मास्तरांची नजर बाकांवरून फिरत फिरत दादांवर आली, आणि तिथेच सुखाने विसावली. दादांचे हात मांडीवर होते. वहिनी आपला हात वर धरून समोरच्या खिडकीकडे बघत होत्या. नवऱ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. बघितलं असतं तर सोपं झालं असतं.

दादांनी रुमाल काढला. कपाळ पुसलं. रुमालाची घडी घातली. आणि मग, गंजलेलं चाक पहिल्यांदा फिरावं तसा त्यांचा उजवा हात कुरकुरत वर गेला.

चर्चमध्ये अशी शांतता पसरली, की मागच्या खोलीतली उचकी स्पष्ट ऐकू आली.

"दादा," न्हावी दात न उघडता म्हणाला, "हात. हात."

"माझाच आहे," दादा म्हणाले.

चष्मेवाल्याचा हात हळूहळू उतरायला लागला. वहिनी गर्रकन वळल्या. "खबरदार! गेलेला हात वरच राहील. मास्तर, मोजा."

मास्तर मोजायला लागले. तुम्ही कधी कासवाला जिना चढताना पाहिलंय? तसं. कुणाचा तरी हात थकेल, या आशेवर त्यांनी डावीकडून मोजलं, उजवीकडून मोजलं, मग चुकलो म्हणून पुन्हा डावीकडून. लोकांच्या हातांना मुंग्या आल्या. बेकरीवाल्याने उजव्या हाताला डाव्याचा टेकू दिला. न्हाव्याचे दोन्ही हात लटपटायला लागले, पण वहिनींची नजर अशी फिरत होती, की त्या नजरेपुढे हात खाली आणण्यापेक्षा तो खांद्यातून निखळलेला परवडला.

"एक कमी आहे," मास्तर शेवटी सुटकेचा श्वास टाकत म्हणाले. "एक हात कमी भरतोय."

"कुणाचा?"

"ते... माझा. मी मोजतोय ना."

"मोजायला एक बोट लागतं, मास्तर. दुसरा हात रिकामा आहे."

मास्तरांनी मंडळीकडे पाहिलं. मंडळीने मास्तरांकडे पाहिलं, अगदी आशेने. त्यांच्या हातात होतं सगळं. पण वहिनी बाकावरून उठून त्यांच्यासमोर आल्या आणि आता ओरडल्या नाहीत.

"पोरगी घाबरलीय हो," त्या म्हणाल्या. "आणि मीपण."

मास्तर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग पुसताना वापरत होते तोच हात त्यांनी, चष्म्यासकट, वर केला.

दुसऱ्या दिवशी वहिनी मुलीकडे पोचल्या. दादा मागे राहिले आणि मंडळीने महिनाभर त्यांच्याशी अबोला धरला. मशीनी मात्र दुरुस्तीला येतच होत्या, मुकाट्याने, चिठ्ठी लावून. मुलगी सुखरूप बाळंत झाली. नात झाली, फुप्फुसं आजीची.

सुरुवातीला चर्चमधून तासातासाला फोन. कुठली बादली कुठे? ऑर्गन का रडतो? मुलगी फोन उचलून सांगायची, "आई कामात आहे." मग फोन कमी झाले. मग थांबलेच. एका दुपारी वहिनींनी आपणहून बेकरीवाल्याला लावला.

"कसं चाललंय?"

"एकदम नीट, वहिनी! साहेब रोज येतात. आईशी पत्ते खेळतात. उचकी लागली की पानं दिसतात त्यांची, त्यामुळे आईच जिंकते. छप्परही नीट केलं त्यांनी. अजून काही?"

"नाही, काही नाही," असं म्हणून वहिनींनी फोन आपटला. "बघ! वर्षभर रक्त आटवलं, आणि दोन महिन्यांत विसरले! साधं कुणी विचारलं नाही, कधी येता म्हणून!"

मुलीने कपाळावर हात मारला. "आई, तुला नेमकं हवंय तरी काय?"

तेवढ्यात पाळण्यातून एक खणखणीत टाहो आला, आणि वहिनी "आले, आले गं बाई, जरा दम धर," असं करवादत उठल्या.