हे कोकरू नाही
गेल्या माघात माझी बायको सिंधू गेली. तेव्हा आमची मेंढरं उकंडरावांच्या रानात बसली होती. हळद निघालेल्या शेतात आम्ही मेंढरं तीन-चार रात्री बसवतो. मालकाला लेंड्यांचं खत होतं, आम्हाला ज्वारी मिळते. भाकरी थापता थापता सिंधू आडवी झाली. आम्ही तिच्या तोंडात पाणी ओतलं, मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून दवाखान्यात नेलं. रस्ताभर तिची मान माझ्या खांद्यावरून घसरत होती. डॉक्टर म्हणाले, तिथंच आडवी ठेवून छाती दाबायची होती. आमच्यापैकी कुणालाच ते माहीत नव्हतं.

पुढं आरोग्य उपकेंद्रात सिस्टरबाईंनी रबरी बाहुलीवर ते शिकवलं. मी दोनदा गेलो. सिंधूचा धाकटा भाऊ प्रभू माझ्यासोबत मेंढरं राखतो. तो हसला. म्हणाला, "दाजी, म्हातारपणी बाहुल्या खेळून राहिले."

यंदा पुन्हा त्याच रानात होतो. एका दुपारी उकंडरावांची सून प्रियंका बायांसोबत हळद निवडत होती. तिची राधिका तीन वर्षांची. ती सारखी कोकरांत असायची, म्हणून कुणी लक्ष ठेवलं नव्हतं.

"राधी कुठं हाय?" प्रियंकानं हाक मारली.

सगळे कोकरांकडं धावले. कोकरं झाकायच्या डाली उचलून उचलून पाहिल्या. मी विहिरीजवळच्या हौदाकडं गेलो. मेंढरांना पाणी पाजायचा तो हौद. पाण्यावर लाल झबलं फुगलं होतं.

मी उडी टाकली. पाणी माझ्या कमरेइतकंच. पोरगी उचलली तर तिचे ओठ निळे, पोट हलत नव्हतं.

काठावर ठेवतो न ठेवतो तोच प्रभू धावत आला आणि त्यानं तिचे दोन्ही पाय धरले. कोकरू जन्मताना नाकात पाणी जाऊन गुदमरलं, की आम्ही मागच्या पायांना धरून ते गरगर फिरवतो. पाणी बाहेर येतं, कोकरू ओरडतं. या कामात प्रभूसारखा हात कळपात कुणाचा नाही.

"सोड तिला!"

"दाजी, सरका. शंभर कोकरं उठवलीत म्या."

"प्रभू, हे कोकरू न्हाई. मान जाईल तिची. आन् येळ जाऊन राहिला."

"फिरव रे प्रभू, फिरव!" उकंडराव ओरडले. "मल्हारी, तू मधे येऊ नको!"

प्रभूनं पाय सोडले नाहीत. माझ्याकडं पाहून म्हणाला, "माझ्या बहिणीला वाचवलं का तुमी?"

"न्हाई वाचवलं. मला येत नव्हतं. आता येतं."

प्रियंका आमच्या दोघांच्या मधे आली. तिनं प्रभूच्या मनगटावर हात मारला. "सोड! त्यांना करू दे. काका, करा तुमी."

मी पोरीला सपाट जमिनीवर उताणं ठेवलं. कपाळ मागं केलं, हनुवटी वर उचलली. नाक चिमटीत धरून तिच्या तोंडावर तोंड ठेवलं आणि हळू फुंकलं. छाती जरा वर आली. पाच वेळा फुंकलं. काहीच नाही. मग एका हाताचा तळवा छातीच्या मधोमध ठेवून दाबायला लागलो. तीस दाबायचे, दोनदा फुंकायचं, पुन्हा तीस. बाहुलीची छाती रबराची होती, ही कोवळी होती. मला वाटलं, बरगडी मोडेल. हात थांबवला नाही.

"एकशे आठला फोन लावा!"

"लावला. अर्धा तास लागंल म्हणतेत," एक बाई म्हणाली.

"उकंडराव, पिकअप आणा!"

म्हातारा जागचा हलेना. प्रभू धावला.

दुसरी तीसची फेरी झाली. तिसरी झाली. कुणी म्हणालं, "पाणी पाजा जरा." प्रियंकानं तांब्या लाथेनं उडवला. चौथ्या फेरीत मी आकडा चुकलो. पुन्हा एकपासून मोजायला लागलो. घाम डोळ्यांत जात होता. मग पोरीच्या घशात गुळगुळ झालं. मी तिला पटकन कुशीवर केलं. तोंडातून पाणी आलं, भाकरीचा तुकडा आला. ती खोकली. मग श्वास आला, बारीक, फाटका.

प्रियंका तिला छातीशी धरायला गेली. मी म्हणालो, "कुशीवरच राहू दे. ओलं झबलं काढ, घोंगडी दे."

पिकअप आला तसा उकंडराव म्हणाले, "आता ठीक हाय ना? दवाखाना कशाला? देवाला नारळ फोडू."

"नारळ मागून फोडा. फुप्फुसात पाणी असतं, रात्री पुन्हा तकलीफ होते. बसा गाडीत."

मागच्या फळ्यांवर पोरगी कुशीवर, तिचं डोकं प्रियंकाच्या मांडीवर. मी तिच्या पोटावर हात ठेवून श्वास मोजत होतो. प्रभू गाडी चालवत होता. आरशातून तो सारखा मागं बघत होता.

"हळू चालव," मी म्हणालो. "तिची मान हलून राहिली."

त्यानं वेग कमी केला. कुरुंद्याचा फाटा आला तेव्हा राधिका रडायला लागली. आधी घोगरं, मग मोठ्यानं.

"काका, आता काय करू?" प्रियंका घाबरून म्हणाली. "गप करू का तिला?"

"नको. रडू दे."