लांब झग्याचा राजा

या, असे पुढं सरका. देवळाची चटई आहे तेवढी पुरेल. कीर्तनाचे बुवा आत चहा घेताहेत, पेटीवाल्याचा सूर अजून जुळायचाय, आणि तबलजी तर नेहमीसारखा हातोडी शोधतोय. तेवढ्यात एक गोष्ट सांगून होईल. फक्त खांबाजवळची ती जागा मोकळी ठेवा. का, ते शेवटी कळेलच.

गोष्ट राजाची आहे. पण पुराणातल्या नव्हे. हा राजा आपल्या पेडण्याचा, वीजखात्यात नोकरीला.

त्याचं नाव गुरुदास. बाबुरावांचा धाकटा. काम घरोघरचे मीटर वाचायचं. दारात उभं राहून "मीटर" एवढा एक शब्द बोलायचा, आकडा टिपायचा आणि पुढच्या घरी जायचं. स्वभावाला इतकी शोभणारी नोकरी देवानं दुसऱ्या कुणाला दिली नसेल. आठ घरं फिरून आठच शब्द बोललेला माणूस संध्याकाळी दमून यायचा.

आणि असा हा गुरुदास रविवारी राजा व्हायचा.

इथंच पार्श्यात विनोदिनीच्या घराला दारापुढं जुनं बाल्कांव आहे. दोन्ही बाजूंना बसायला कट्टे, मध्ये मेज. विनोदिनी डिचोलीच्या एका शाळेत गणित शिकवते. रविवारी मात्र ती सूत्रधार. तिच्या घरी ती, गुरुदास, शंभू आणि कमलाक्षी अशी चौघं जमायची आणि एक खेळ खेळायची. कुणी राजा व्हायचं, कुणी धनुर्धारी, कुणी चोर. विनोदिनी प्रसंग सांगणार, बाकीच्यांनी आपापल्या सोंगाला शोभेल तसं वागायचं, आणि बेत जमला की फसला ते वीस बाजूंचा एक फासा ठरवणार. एकच आख्यान दोन वर्षं चाललं होतं. कीर्तनातलं आख्यान कितीही रंगलं तरी आरतीला संपतं, या पोरांना आरती करायची घाईच नव्हती.

खेळाआधी गप्पा ठरलेल्या. काजूच्या बोंडांचा ताजा निरो पेल्यांत ओतला जायचा आणि पुस्तकांवर घसरायचं. समुद्रतळाच्या राज्याची एक कादंबरीमाला चौघांना पाठ होती. तिचा शेवटचा भाग येतो येतो म्हणून येत नव्हता.

"लेखिकेनं सांगितलंय, चवथीपर्यंत नक्की," कमलाक्षी म्हणाली.

"खंयची चवथ तें सांगलां?" शंभूनं विचारलं.

"तू गप रे. तू दुसरा भाग तरी वाचलायस?"

"वाचलाय की. शेवटची पानं आधी वाचली, मग पहिल्यापासून."

"असल्या माणसाला वाळीत टाकायला हवं," विनोदिनी म्हणाली. "आणि तुझ्या त्या अंगरख्यालासुद्धा."

शंभू खेळात चोर. बापाच्या पिकअपवरची जुनी ताडपत्री कापून त्यानं चोराचा झगा केला होता. एप्रिलच्या उकाड्यात तो घालून बसला की घामानं निथळायचा.

"चोर लपून बसला तरी वासावरून सापडेल," कमलाक्षी म्हणाली.

"आणि तुझे पंख? गेल्या रविवारी वारा आला असता तर थेट आमोण्याला पोचली असतीस."

कमलाक्षी पंखवाली धनुर्धारी. तिचे पंख मोडक्या छत्र्यांच्या काड्यांचे होते, वर काळं कापड. मिटायचे, उघडायचे. तिला त्यांचा भारी अभिमान.

गुरुदास हे सगळं ऐकायचा आणि मनापासून हसायचा. त्याचा राजा म्हणजे चंद्रकोटचा अभयकेतू. या अभयकेतूवर त्याचा फार जीव. स्कूटरवरून घरोघर जाताना हेल्मेटच्या आत तो राजाची मोठमोठी भाषणं करायचा. पण बाल्कांवात तीन जोडी डोळे आपल्याकडं वळले की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची, आणि तो मेजाकडं बघत म्हणायचा, "राजा बोलतो असं समजा."

दोन वर्षं सगळ्यांनी समजून घेतलं. मग एका रविवारी विनोदिनीनं सांगून टाकलं.

"पुढच्या खेपेला धुकेराणीचा दरबार. तिनं डोंगराची वाट अडवलीय. तिथं फासा चालायचा नाही. राजानं तोंडानं बोलून वाट मागायची. आणि गुरुदास, परत 'असं समजा' म्हणालास, तर राजा शंभूकडे. तू चोर हो. चोराला बोलावं लागत नाही."

"माका राजा नाका गो," शंभू म्हणाला. "राजाक पळून वचूंक मेळना."

सगळी हसली. गुरुदासही हसला, पण घरी परतताना त्या दिवशी हेल्मेटच्या आत काही ऐकू आलं नाही.

आठवडाभर तो झुरला. शेवटी धारगळला जयराममामांकडे गेला. जयराममामा मूळचे बांद्याकडचे. उमेदीत दशावतारी नाटकात राजपार्ट करायचे. नाटकाची लेखी संहिता नसते, गोष्ट तेवढी ठरते आणि बोलणं जागच्या जागी रचायचं. त्यांच्या माळ्यावर पेटारा होता. त्यात जांभळा मखमली झगा आणि बेगड लावलेला मुकुट.

"सोंग अंगावर असलं तर कदाचित तोंड उघडेल, मामा," गुरुदास म्हणाला.

मामांनी पेटाऱ्याला हात जोडले, मग झाकण उघडलं. "देतंय. पण एक ध्यानात ठेव. मुकुट डोक्यार चढलो की तू गुरुदास न्हय. कोणी नमस्कार केलो तर पाय मागे घेवचे नाय. हसाचा नाय. आणि कोणी काय विचारल्यान, तर राजा जां सांगात तां सांगाचा. तुजो एक डाव फुकट जावंदे, पण मुकुटाचो मान जावचो नाय."

"आणि उतरवायचा केव्हा?"

"खेळ पुरो झाल्यार. मधी नाय."

रविवारी मामांनीच त्याला नटवलं. मुकुटाच्या नाड्या मानेमागं अशा आवळल्या की एकट्याला सुटायच्या नाहीत. आता डोक्यावर मुकुट, म्हणजे हेल्मेट नाही, म्हणजे स्कूटर नाही. तेव्हा शंभूनं पिकअप आणली. पुढं शंभू आणि पंख मिटून बसलेली कमलाक्षी. मागं नारळांच्या पोत्यांवर राजा अभयकेतू. मुकुट फांद्यांना लागू नये म्हणून हा राजा सबंध धारगळभर मान खाली घालून बसला होता.

हमरस्त्याच्या कडेला सरस्वती आजी कलिंगडं विकायला बसायची. तिथं गाडी थांबली. शंभू पलीकडे पाव भाजणाऱ्या पोदेराकडून उंडे आणायला गेला, कमलाक्षी पुढंच बसून राहिली आणि राजा मागं उघड्यावर.

आजीनं वर बघितलं. हातातला सुरा खाली ठेवला, पदर सारखा केला, उठून आली आणि हात जोडून झग्याच्या काठाला डोकं टेकलं.

गुरुदासचे पाय आपोआप मागं सरायला निघाले. 'आजी, मी मीटरवाला,' हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले. मग मामा आठवले आणि पाय जागच्या जागी राहिले.

"राजा," आजी म्हणाली, "तूं आयलो तें बरें जालें. हें आमचें तारा, म्हजी नात. फाल्यां, सोमारा, पार्सेच्या देवळांत सप्त्याक बुवाच्या फाटल्यान रावून पद म्हणूंक जाय. गळो गोड आसा. पूण सकाळ धरून तोंड उघडना. आमचें आयकना. तूं सांग तिका."

कलिंगडांच्या राशीमागं एक मुलगी बसली होती. नऊ-दहा वर्षांची, ओठ घट्ट मिटलेले. ती या राजाकडं नखशिखांत बघत होती आणि तिच्या नजरेत विश्वास म्हणून नव्हता.

"तूं खंयचो राजा?" तिनंच सुरुवात केली.

आता काय करता? इथं मेज नाही खाली बघायला. 'असं समजा' म्हणावं, तर समजून घेणारं कोण?

"चंद्रकोटचा," गुरुदास म्हणाला. आवाज घोगरा आला. "डोंगरापलीकडे आहे."

"थंय भात जाता?"

"होतं. उकडं. आणि काजूसुद्धा."

हे तिला पटलेलं दिसलं. ती जरा पुढं आली. "तुका भंय दिसता?"

नाही म्हणणं सोपं होतं. राजा तर नाहीच म्हणायचा. पण त्या पोरीचे डोळे गुरुदासला ओळखीचे वाटले. आरशात बघावेत तसे.

"दिसतं तर, भय वाटतंच," तो म्हणाला. "दरबारात उभा राहिलो की माझे गुडघे लटलटतात. म्हणून तर राजांचे झगे एवढे लांब शिवतात. गुडघे कुणाला दिसू नयेत म्हणून. तुला वाटलं शोभेसाठी?"

ताराचे ओठ हलले. तिनं आपल्या परकराकडं बघितलं. पार घोट्यापर्यंत होता.

"म्हजेय दिसचे नात," ती म्हणाली.

"नाहीच दिसणार."

"आनी ताळो कांपलो जाल्यार?"

"आवाज कापला तर कापू दे. तू बुवांच्या मागं उभी असणार ना? मग तो आवाज तुझ्या एकटीचा नाही. पेटी आहे, झांजा आहेत, सगळं देऊळ टाळ्या वाजवतंय. ज्या देवाचं पद आहे तो पुढ्यातच उभा आहे. तुझं काम तोंड उघडायचं. बाकीचं त्याच्यावर सोड."

तारा खुदकन हसली. मग तिथंच, कलिंगडांच्या राशीआड, पदाची पहिली ओळ अगदी हळू म्हणून बघितली. आजीनं डोळे पुसले आणि एक भलं मोठं कलिंगड राजाच्या मांडीवर ठेवलं. शंभू उंडे घेऊन परतला तेव्हा राजा कलिंगड सांभाळत होता आणि कमलाक्षी मागच्या काचेला कान लावून बसली होती.

"कितें जालें?" त्यानं विचारलं.

"काही नाही. गाडी हळू चालव," कमलाक्षी म्हणाली. "मागं राजा आहे."

बाल्कांवात विनोदिनीनं झगा बघितला आणि शिट्टी वाजवली. "हे कापड बघा. नाहीतर आपली ताडपत्री." मग कलिंगड कापलं, निरो आला, शेवटच्या भागाचं मुखपृष्ठ कुठंतरी दिसल्याची बातमी आली आणि ती खोटी निघाली. सगळं झाल्यावर विनोदिनीनं फासा उचलून फडताळात ठेवला आणि डोक्यावर पांढरी ओढणी घेतली.

"मी धुकेराणी," ती म्हणाली. "शंभर वर्षांत या वाटेनं कुणी गेलेलं नाही. राजा, तुला का जाऊ द्यावं?"

तीन जोडी डोळे वळले. मेज समोर होतं. गुरुदासची नजर खाली जायला लागली, तो 'राजा' एवढं म्हणाला आणि थांबला. शंभूनं हातातला उंडा आवळला. त्याला खरंच राजा नको होता.

तेवढ्यात पंखांच्या आडून कमलाक्षी हळूच म्हणाली, "राजा, तुका भंय दिसता?"

गुरुदासनं वर बघितलं.

"दिसतं," तो म्हणाला. मग धुकेराणीकडं वळून उभा राहिला. "राणी, मला भीती वाटते. माझे गुडघे या झग्याखाली कापताहेत. पण मला वाटतं, तुम्हालाही वाटते. नाहीतर एवढं धुकं कशाला पसरलं असतंत? मी गुडघे झाकले, तुम्ही डोंगर झाकलात. माझी माणसं पलीकडं भुकेली आहेत. तुम्ही वाट दिलीत, तर दर पावसाळ्याआधी मी इथं येईन, आणि शंभर वर्षांत तुमच्याशी कुणी बोललं नाही, ते सगळं बोलणं बोलून जाईन."

तो बोलतच राहिला. दोन वर्षं हेल्मेटात कोंडलेलं ते. सुटल्यावर कसलं थांबतंय. चंद्रकोटच्या शेतांचं सांगितलं, उकड्या तांदळाचं सांगितलं. शंभूच्या हातातला उंडा तसाच राहिला. विनोदिनीनं डोक्यावरची ओढणी मागं सारली.

"जा," शेवटी ती म्हणाली. "वाट तुझी. आणि राजासुद्धा तुझाच. आता हा मुकुट कुणी मागायचा नाही."

"माका तो नाकाच आशिल्लो," शंभू म्हणाला आणि पहिल्यांदा नीट श्वास घेऊन उंड्याचा घास तोडला.

दुसऱ्या दिवशी चौघं साध्या कपड्यांत याच देवळात आली. तारा बुवांच्या मागं उभी राहिली, परकर दोनदा खाली ओढला आणि पद म्हणाली. पहिल्या ओळीत आवाज कापला. मग देऊळ टाळ्या वाजवायला लागलं आणि तो कुठं कापत होता ते कुणाला कळलंसुद्धा नाही.

पुढच्या महिन्यात गुरुदास आजीच्या दारात उभा राहिला. "मीटर," तो म्हणाला. आकडा टिपला, आणि त्या दिवशी तिथून हलला नाही.

"आजी, त्या दिवशी तुम्ही मला ओळखलं नव्हतं ना?"

"वळखूंक ना कशें?" आजी म्हणाली. "दर म्हयन्याक येता तूं. बाबुरावाचो धाकटो मरे?"

"मग नमस्कार का केलात?"

"मुकुट घाल्ल्या मनशाक नांव विचारूंक जायना, पुता. आनी तूंवें जबाब दिलो मरे राजाचो. बस, च्या घे."

त्या दिवशी पुढच्या घरांचे मीटर उशिरा वाचले गेले, कारण राजा चहा घेत दोन शब्द जास्त बोलत बसला होता.

असो. झांज वाजली, बुवा उठले. त्यांच्या मागं साडी नेसून उभी राहतेय ना, ती तारा. अजूनही पहिल्या ओळीआधी ती निऱ्या खाली ओढते बघा. तो खांब दिसतोय तिथं सरस्वती आजी बसायची. दोन वर्षं झाली तिला जाऊन. तेव्हा ताराचं पद सुरू झालं, की टाळी वाजवता वाजवता त्या रिकाम्या जागेकडं एकदा बघा आणि आजीची आठवण काढा.